मला कोणी काढलं नाही

प्रिय धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे, माझीही तब्येत बरी आहे. फोन करायचं कितीदा तरी ठरवलं, पण तू पलीकडून "बोल गं थोरले" म्हणालीस की माझं सगळं बोलणं तिथंच संपणार आणि मी तुझ्या छोकरीच्या सर्दीची चौकशी करून फोन ठेवून देणार, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून लिहितेय. लिहिलेलं निदान खोडता तरी येतं. पत्र मुद्दाम तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकतेय, लॅबच्या नाही.

आधी बातमी सांगून टाकते, म्हणजे तू शेवटचं पान आधी बघणार नाहीस. मला बेकारी भत्ता मिळाला नाही. कचेरीने अर्ज फेटाळला. मी अपील केलं, त्याची सुनावणीही झाली; निकाल अजून यायचा आहे. ज्याची नोकरी गेली त्याला भत्ता मिळतो. ज्याने आपण होऊन सोडली त्याला मिळत नाही, असा साधा नियम आहे. आणि त्यांच्या कागदांनुसार मी सोडली. भत्ता मिळाला असता तर दुसरं काम मिळेपर्यंत आमचं भाडं निघालं असतं. आता नाही निघणार. घरमालक सभ्य आहेत, तोंडाने काही म्हणत नाहीत, फक्त हल्ली जिन्यात भेटले की माझ्याआधी तेच नजर खाली घालतात. निकाल विरुद्ध गेला तर मी आणि आई माझ्या दादाकडे राहायला जाऊ. दादाने "या" म्हटलंय. वहिनीने "बघू, करू काहीतरी सोय" म्हटलंय. आईची सोय म्हणजे बाहेरच्या खोलीत, दिवाणावर, टीव्हीसमोर. ज्या बाईने आयुष्यभर स्वतःच्या खोलीचं दार आतून लावून दुपारची झोप घेतली, ती आता सगळे उठून जाईपर्यंत दिवाणाच्या टोकाला बसून जांभया देणार.

आईचा विनोद मात्र अजून शाबूत आहे. मी कचेरीत जायला निघाले की ती म्हणते, "निघालीस सासरी?" पहिल्यांदा मला कळेना. मग म्हणाली, "इस्त्रीचे कपडे घालून, पोटात गोळा घेऊन जातेस आणि डोळे लाल करून परत येतेस. दुसरं काय असतं सासर? उशिरा का होईना, मिळालं एकदाचं तुला." मी हसले. तीही हसली. मग ती मधेच उठून तांदूळ निवडायला बसली. हल्ली आमच्या घरात हसणं असं मधेच तुटतं.

मला आपल्या दात बनवायच्या लॅबची आठवण येते. माणसांची येईल असं वाटलं होतं, पण आधी येते ती प्लास्टरच्या ओल्या वासाची आणि खिडकीतल्या उजेडाची. तू नवीन आलीस तेव्हा तुला वाटायचं की दात पांढरा असतो. मी तुला खिडकीशी उभं करून रंगांच्या पट्टीवरचे नमुन्याचे दात दाखवले होते, एक पिवळट, एक राखाडी, एक विटकरी झाक असलेला, आणि तू म्हणालीस, "अगं बाई, म्हणजे आपण सगळे आतून चहाच्या रंगाचे!" बाई मालकिणीच्या टेबलावरून हसल्या होत्या. त्याच दिवशी त्यांनी आपली नावं पाडली, थोरली आणि धाकटी, आणि पुढे डॉक्टरांच्या दवाखान्यांतूनसुद्धा फोन यायला लागले, "हा दात थोरलीकडेच द्या हं." खोटं कशाला सांगू, त्या वाक्याने मला फार सुख होत असे. सारखं दातांकडे बघून डोळे थकले की आपण भिंतीवरच्या राखाडी फडक्याकडे बघायचो, म्हणजे नजर पुन्हा ताजी होते. रस्त्याने जातानासुद्धा आपण दोघी लोकांची तोंडं बघत चालायचो आणि कोणी हसलं की तू मला कोपर मारायचीस, "आपला!"

मशीन आलं तेव्हा मीच तुला म्हटलं की ते तू शीक. त्यात मोठेपणा काही नव्हता. मला त्या पडद्यासमोर बसण्याचा कंटाळा होता, आणि खरं म्हणजे मला वाटलं, मशीन दात कापेल, पण त्याला रंग कोण देणार? मग ज्यातून मशीन दात कापतं ते ठोकळेच रंगीत यायला लागले. एका ठोकळ्यात वर फिका, खाली गडद, जसा दात असतो तसा. मी पहिला हातात घेऊन खिडकीशी नेला आणि त्यात खोट काढायचा प्रयत्न केला. खोट होती. पण ती मलाच दिसण्याइतकी होती. डॉक्टरांना चालत होती, रोग्यांना चालत होती, आणि किंमत निम्मी होती. मी बाईंच्या जागी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. तेच केलं असतं. मात्र मी ते तोंडाने सांगितलं असतं का, याचं उत्तर मला देता येत नाही.

कारण बाईंनी सांगितलं नाही. तुला माहीत आहे आपल्या लॅबची रीत. आपल्याकडे कधी कोणाला "जा" म्हटलं गेलं नाही. काम कमी झालं की बाई पदराने चष्मा पुसत म्हणायच्या, "दोन दिवस आराम करा घरी, मी फोन करते." आणि त्या करायच्याही. प्लास्टरच्या कामावरच्या मामांना एकदा उन्हाळाभर घरी बसवलं, पण बोलावलं. म्हणून त्या दुपारी बाई माझ्याजवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "थोरले, डोळ्यांना विश्रांती दे जरा. घरी थांब. काम आलं की मी फोन करते, तोवर येऊ नकोस," तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही. वाटलं असेल तर ते एवढंच, की हात खांद्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ होता. मी ब्रश धुतले, टोकं ओली करून नीट वळवून ठेवली, राखाडी फडकं झटकलं आणि निघाले. पिशवीत माझा डबा होता. बाकी सगळं तिथंच ठेवलं, कारण परत यायचं होतं.

मग मी वाट बघायला लागले. हे लिहायची लाज वाटते, पण तुझ्याशिवाय कोणाला लिहू? फोन मी स्वयंपाकघरात स्टीलच्या वाडग्यात उभा करून ठेवत असे, म्हणजे वाजला की घरभर ऐकू जाईल. आईने तिच्या बहिणीशी बोलणं बंद केलं, "तुझ्या बाईंना लाइन बिझी लागायची" म्हणून. मी आंघोळीला जाताना वाडगा मोरीच्या दाराशी नेऊन ठेवायची. एकदा वाजला, कोणीतरी कर्ज हवंय का विचारत होतं, आणि मी त्याला "हो बाई, बोला" म्हणाले. तू म्हणशील, मग तूच का नाही केलास फोन? बाईंच्या मागे लागल्यासारखं झालं असतं. त्यांच्या अडचणीच्या दिवसांत त्यांना संकोचात टाकल्यासारखं. असं मी तेव्हा रोजनिशीत लिहिलंय, आणि आता वाचताना मला त्या शब्दांचा राग येतो. मला संकोचाची काळजी नव्हती. मी विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. ते मला नको होतं.

एकदा मी लॅबपर्यंत आले होते. आत आले नाही. समोरच्या फुटपाथवरून काचेतून बघितलं. माझ्या खिडकीशी, माझ्या टेबलावर, मशीनची हवा खेचणारी पेटी ठेवली होती आणि तिच्या नळीसाठी फळीला भोक पाडलं होतं. माझं स्टूल बाहेर पायरीवर होतं, त्यावर दूधवाल्याची क्रेट. मी बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले. तू मशीनशी वाकली होतीस, तुझा नवा निळा एप्रन तुला शोभतो. मग मी घरी आले आणि आईला म्हटलं, फोन आता हवा तितका वापर.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. लांबलचक दालन आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे एक जण पाय हलवायला लागला की सगळी रांग हलते. काचेमागचा कारकून तरुण होता, केस चापून बसवलेले, आवाज थकलेला. त्याने नाव विचारायला तोंड उघडलं आणि धाकटे, मला त्याचा वरचा पुढचा दात दिसला. कडेला निळसर झाक, मधे आडवी, धूसर, पांढरी रेघ. शेजारच्या खऱ्या दातावर तशीच रेघ होती म्हणून मी ती मारली होती, भट्टीत घालण्याआधी, अगदी बारीक ब्रशने. बाई तेव्हा म्हणालेल्याही आठवतात, "कोण बघायला जातंय तोंडात?" शपथेवर सांगणार नाही, तशा रेघा पुष्कळांच्या दातांवर असतात. पण मला कोणीतरी कोपर मारायला हवं होतं. मी त्या दाताकडेच बघत राहिले आणि तो काय विचारतोय हे मला त्याने परत विचारल्यावर कळलं.

"तुम्हाला कामावरून काढलं का?" एवढाच प्रश्न होता. आणि मी विचार करायला लागले. माझी ही सवय तुला माहीत आहे; तू चिडायचीस, "अगं, हो म्हण किंवा नाही म्हण, माणूस म्हातारा होतोय समोर." मला खरंच आठवेना की काढलं असं कोणी म्हटलं होतं. बाईंनी "विश्रांती" म्हटलं होतं, "फोन करते" म्हटलं होतं, खांद्यावर हात ठेवला होता. "काढलं" म्हणणं म्हणजे बाईंच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेला शब्द घालणं, तेही सरकारी कागदावर. म्हणून मी म्हटलं, "मला कोणी काढलं नाही." पुढचं वाक्य तयार होतं, पण बोलावलंही नाही, असं. तोवर त्याने बटण दाबलं होतं. "मग सोडलंत," तो म्हणाला. मी म्हटलं, सोडलंही नाही. तो म्हणाला, "ताई, दोन्ही नाही असं नसतं. तुम्ही आज कामावर आहात का?" नाही. "मग?" माझ्या मागे एक गवंडी उभा होता, हातावर सिमेंटचे वाळलेले डाग. तो म्हणाला, "ओ ताई, काढलं म्हणा की! इथं काय स्थळ बघायला आलेत का, अब्रू जपायला?" सगळी रांग हसली, खुर्च्या हलल्या. मीही हसले. कारकून हसला तेव्हा तो दात पूर्ण दिसला. सुंदर झाला आहे गं. कुठेच कळत नाही.

फेटाळल्याचं पत्र आलं तेव्हा त्यात लॅबचं उत्तरही होतं. बाईंनी लिहिलंय की त्यांनी मला थोडी विश्रांती घ्यायला सांगितली होती, त्यानंतर मी आलेच नाही, आणि त्या माझी वाट बघत होत्या. मी ते कितीदा वाचलं. यात खोटा शब्द कुठला ते मला दाखवता येत नाही. कदाचित त्याही वाट बघत असतील. कदाचित माझा फोन आला असता तर त्यांना ते तोंडाने म्हणावं लागलं असतं आणि आला नाही म्हणून त्या सुटल्या. आम्ही दोघी सभ्य बायका, दोघींनी एकमेकींना अवघड वाक्यातून वाचवलं, आणि त्याचा निकाल असा लागला. आई म्हणाली, "असल्या सभ्यपणाला आग लाव." मी अपील केलं ते तिच्यासाठी. स्वतःसाठी केलं असतं की नाही, माहीत नाही.

सुनावणी छोट्या खोलीत झाली. अधिकारीबाई माझ्याहून थोड्या मोठ्या, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मला वाटतं, त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता. त्या म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही म्हणता 'येऊ नकोस' म्हणाल्या. त्यांच्या उत्तरात ते वाक्य नाही, तुम्हीच आला नाहीत एवढंच आहे. तुमचं एक तोंड, त्यांचं एक. तुमच्यासारख्या पुष्कळ जणी येतात माझ्याकडे, सगळ्यांना असंच प्रेमाने घरी पाठवलेलं असतं. मला फक्त तिसरं तोंड हवं. कोणी ते वाक्य ऐकलं असेल आणि एका ओळीत सही करून दिलं, तरी मी हा निकाल फिरवते." मग पेन खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं? सावकाश आठवा."

मला आठवायची गरज नव्हती. तू होतीस. पाठ माझ्याकडे, नळाखाली साचा धूत. बाई बोलायला लागल्या तेव्हा तू नळ बंद केलास. त्यांचं बोलून झालं तेव्हा पुन्हा सोडलास. मधल्या वेळात खोलीत इतकी शांतता होती की भट्टीच्या घड्याळाचा काटासुद्धा ऐकू येत होता. तू वळली नाहीस. मी निघताना "येते गं" म्हटलं, तेव्हा "हं" म्हणालीस. आणि त्यानंतर तुझा फोन नाही, निरोप नाही. मी त्याबद्दल तुला कधी विचारलं नाही आणि आजही विचारत नाहीये. तुझ्या नवऱ्याचं काम आज आहे उद्या नाही. छोकरी लहान आहे. मशीनवर बसणारी आणखी एखादी बाईंना आठवड्यात मिळेल. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या दिसत होतं, जसे खिडकीशी रंग दिसतात तसं, एकेक थर सुटा.

मी म्हटलं, "कोणी नव्हतं. आम्ही दोघीच होतो." अधिकारीबाईंनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." काढलं की सोडलं या एका शब्दापायी सगळं घालवून बसलेली मी, तिथं न अडखळता खोटं बोलले. तुला वाचवण्यासाठी बोलले असं लिहायला हात शिवशिवतोय, पण ते पूर्ण खरं नाही. मी तुझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी तुला विचारलं असतं, आणि तू "मला काही ऐकू आलं नाही, नळ चालू होता" म्हणाली असतीस, तर? भत्ता गेला तर मी आणि आई दादाकडे कशाबशा राहू. पण ते वाक्य घेऊन मला कुठेच राहता आलं नसतं. म्हणजे मी तुला वाचवलं की स्वतःला, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. इथं तरी दोन्ही असू शकतं ना?

आता हे पत्र का लिहिलं ते. निघताना अधिकारीबाई म्हणाल्या की निकालाआधी रीत म्हणून एक तपासनीस लॅबमध्ये येईल आणि कामावरच्या माणसांना एकेकटं गाठून विचारेल. तो तुलाही विचारेल. तेव्हा तू त्या दुपारी खोलीत नव्हतीस, दात पोचवायला दवाखान्यात गेली होतीस, एवढंच सांग. बाई तुला खोटं पाडणार नाहीत, त्यांच्या सोयीचंच आहे ते. तू "होते" म्हणालीस तर मी खोटी ठरते आणि अपील तिथंच संपतं, असं आई म्हणते. किंवा तुझ्या त्या एका ओळीने निकाल फिरतो आणि तुझी खुर्ची जाते. यातलं काय होईल याचा मी विचार करत बसले आणि मग थांबले, कारण त्यातलं मला काय हवंय हे मला कळायला लागलं होतं. म्हणून हे आत्ताच पाकिटात घालतेय. तू नव्हतीस. त्याच्या डोळ्यांत बघून सांग आणि पुढचं काम हातात घे. आणि हे वाचताना "थोरले, मी खरं सांगते" असं तुझ्या मनात आलं, तर ते मला कळवू नकोस. नाही आलं, तर तेही कळवू नकोस.

अजूनही तुझीच,
थोरली